४२९ दिवसांची वाट आणि साडेतीन वर्षांचा खेळ : ‘रॉकेट लीग’च्या लिनक्स पोर्टचं प्रकरण

मार्च २०२० मध्ये ‘रॉकेट लीग’ या गाड्यांनी फुटबॉल खेळायच्या गेमचा एक पॅच, म्हणजे अपडेट, आला. लिनक्स आणि मॅकवर खेळणाऱ्यांसाठी तो शेवटचा होता. पॅच बसल्यावरही गेम सुरू होत होता. गॅरेजमधली गाडी जागेवर होती, कॉम्प्युटरच्या बॉट्सविरुद्ध सामना लागत होता, शेजारी बसलेल्या मित्राबरोबर अर्धा-अर्धा स्क्रीन वाटून खेळता येत होतं. ऑनलाइन सामना मात्र लागत नव्हता. स्पर्धा बंद, मित्रांची यादी बंद, आयटम शॉप बंद, लीडरबोर्ड बंद. ज्या गोष्टीसाठी लोक हा गेम घेतात तीच गेली होती. आदल्या दिवशी त्याच मशीनवर, त्याच ग्राफिक्स कार्डावर, त्याच इंटरनेटवर सगळं नीट चाललेलं होतं.

लिनक्सवर लोकप्रिय गेमची वाट पाहणाऱ्यांच्या नशिबी येणाऱ्या सगळ्या अवस्था या एकाच गेममध्ये सापडतात, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे. घोषणा झाली, तारीख लांबली, बीटा आला, लोक रुळले, मग निरोपाचा मजकूर आला आणि त्यानंतरही खेळ चालूच राहिला. बहुतेक गेम पहिल्या दोन अवस्थांच्या पुढे जातच नाहीत. ‘बॅटमन: आर्कम नाइट’चं लिनक्स पोर्ट (म्हणजे मूळ गेमवरून लिनक्ससाठी बनवलेली आवृत्ती) जाहीर होऊन फेब्रुवारी २०१६ मध्ये रद्द झालं. ‘द विचर ३’ स्टीमओएस या लिनक्सवर बेतलेल्या प्रणालीवर येणार अशी जाहिरात स्टीम या व्हॉल्व्ह कंपनीच्या ऑनलाइन गेम-दुकानात झळकली, पण त्याची नेटिव्ह, म्हणजे थेट लिनक्ससाठी बांधलेली, आवृत्ती कधी आलीच नाही. त्या गेमबद्दल ‘आला असता तर’ एवढंच म्हणता येतं. रॉकेट लीग खरोखर आला होता, त्यामुळे आल्यावर काय होतं तेही त्याच्याकडे पाहून कळतं.

आश्वासन

रॉकेट लीग ७ जुलै २०१५ रोजी विंडोज आणि प्लेस्टेशन ४ वर आला. बनवणारी कंपनी सॅन डिएगोची सायऑनिक्स. याच कल्पनेवरचा त्यांचा आधीचा गेम २००८ मध्ये प्लेस्टेशन ३ वर आला होता, पण त्याच्या वाट्याला मोठं यश आलं नव्हतं. या वेळी मात्र नशीब फळफळलं. प्लेस्टेशन प्लसच्या सभासदांना तो जुलै महिन्यात मोफत मिळाला, पीसीवर किंमत २० डॉलरच्या आत होती, आणि नियम एका वाक्यात सांगता येण्यासारखे होते : रॉकेट लावलेल्या गाड्यांनी फुटबॉल खेळायचा. सामना पाच मिनिटांचा. शिकायला एक संध्याकाळ पुरते, आणि गाडी हवेत उडवून चेंडूला नेमक्या कोनात धडक द्यायला शिकण्यात वर्षं जातात.

त्या वेळचं लिनक्सचं वातावरण आठवलं तर लोकांना आशा का वाटत होती ते समजतं. १४ फेब्रुवारी २०१३ ला स्टीम लिनक्सवर अधिकृतपणे आलं होतं. विंडोज ८ आणि त्यातलं मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं दुकान पाहून व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल यांनी आपली चिंता जाहीरपणे बोलून दाखवली होती. त्या चिंतेतूनच स्टीमओएस आणि स्टीम मशीन्स पुढे आली : दिवाणखान्यातल्या टीव्हीला जोडायचं, लिनक्सवर चालणारं गेमिंग यंत्र. १० नोव्हेंबर २०१५ ला ही यंत्रं बाजारात आली. त्यांच्याबरोबरच्या नव्या हार्डवेअरची आगाऊ नोंदणी करणाऱ्यांना जे गेम भेट मिळत होते त्यांत रॉकेट लीगही होता, आणि स्टीमओएसची आवृत्ती त्याच वर्षी येईल असं सायऑनिक्सने सांगितलं होतं.

१० नोव्हेंबर उजाडला. यंत्रं आली, गेम खात्यात जमा झाला, आणि स्टीमओएसवर मात्र तो चालत नव्हता. वर्ष संपलं. १७ फेब्रुवारी २०१६ ला तो एक्सबॉक्स वनवर आला. लिनक्स अजून रांगेतच होतं.

वाट पाहण्याची किंमत

सगळ्या गेमची वाट सारखी नसते, आणि या प्रकरणात हा फरक फार महत्त्वाचा आहे. कथा असलेला, एकट्याने खेळायचा गेम दोन वर्षांनी आला तरी ती कथा तशीच ताजी राहते. उलट तोवर पॅच येऊन त्यातल्या चुका निघालेल्या असतात, किंमतही उतरलेली असते. मित्रांबरोबर खेळायच्या गेमचं तसं नाही. तिथे वाट पाहणारा रोज मागे पडतो. बाकीचे जण रोज संध्याकाळी हवेत उडायला शिकत असतात, बचावाला कोण थांबणार आणि चेंडूमागे कोण धावणार याची न बोलता समजणारी भाषा त्यांच्यात तयार होत असते. वर्षभराने पोर्ट आलं की नव्या माणसाला त्या गटात जागा असते, पण बरोबरीची नसते.

म्हणून बहुतेकांनी तेव्हा जे करतात तेच केलं. डिस्कवर विंडोजसाठी वेगळं पार्टिशन ठेवलं आणि संध्याकाळी मशीन रिस्टार्ट करून तिकडे गेले. ड्युअल बूटची ही सवय वरवर साधी वाटते, तिचा हिशेब मात्र पुढे २०२० मध्ये द्यावा लागला. विंडोजमध्ये जाऊन खेळलेला प्रत्येक तास कंपनीच्या नोंदीत विंडोजच्या नावावर जमा होत होता. लिनक्सवर पोर्ट हवं असणारा आणि लिनक्सवर खेळणारा ही दोन माणसं वेगळी मोजली जात नव्हती. पहिल्याची तर मोजणीच होत नव्हती.

या काळात कंपनीच्या आत काय काम असतं, तेही पाहू. रॉकेट लीग अनरिअल इंजिन ३ या गेम बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर बांधलेला. त्याचं चित्र काढण्याचं सगळं काम डायरेक्टएक्स ९ या मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीतून चालायचं, आणि ती लिनक्सवर नाही. तिथे तेव्हा ओपनजीएल हाच रस्ता होता. त्याची जागा पुढे घेऊ पाहणाऱ्या वल्कनची पहिली आवृत्ती फेब्रुवारी २०१६ मध्ये नुकतीच आली होती. म्हणजे प्रत्येक शेडर (रंग आणि प्रकाश कसा दिसावा हे ग्राफिक्स कार्डाला सांगणारा छोटा प्रोग्रॅम) दुसऱ्या भाषेत न्यायचा, आवाज आणि कंट्रोलर नव्याने जोडायचे, बाहेरून घेतलेल्या प्रत्येक लायब्ररीची लिनक्स आवृत्ती मिळते का ते पाहायचं, मग एनव्हिडियाच्या बंदिस्त ड्रायव्हरवर आणि एएमडी-इंटेलच्या मुक्त मेसा ड्रायव्हरवर वेगवेगळं तपासायचं. आणि हे सगळं चालू असताना मूळ गेम थांबत नाही. दर थोड्या महिन्यांनी नवं मैदान, नवा प्रकार, नव्या गाड्या येतच असतात. ज्या विंडोज आवृत्तीवरून पोर्ट करायला घेतलं ती पोर्ट होईपर्यंत जुनी झालेली असते. पोर्ट लांबलं की लोक आळसाचा आरोप करतात. मला तो बहुतेक वेळा अन्यायाचा वाटतो. पळत्या गाडीची चाकं बदलण्यासारखं ते काम आहे.

८ सप्टेंबर २०१६ ला ‘रंबल’ हा नवा प्रकार सगळीकडे आला आणि त्याच दिवशी लिनक्स व मॅकसाठी बीटाही खुला झाला. विंडोजवर गेम आल्याला तोवर ४२९ दिवस झाले होते.

साडेतीन वर्षं

पुढच्या काळाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, आणि तीच चांगली गोष्ट होती. गेम चालत होता. लिनक्सवरचा खेळाडू विंडोजवाल्यांच्या बरोबरीने त्याच सामन्यांत उतरत होता. समोरच्या गाडीमागे कोणती ऑपरेटिंग सिस्टिम आहे हे कुणाला कळत नव्हतं आणि कळण्याची गरजही नव्हती. अपडेट विंडोजबरोबरच येत होते. आजकाल कुठले गेम लिनक्सवर नेटिव्ह चालतात असं कुणी विचारलं तर रॉकेट लीगचं नाव पहिल्या काहींत यायचं. कित्येकांनी याच काळात विंडोजचं पार्टिशन पुसून टाकलं, कारण ते ठेवायला आता कारण उरलं नव्हतं.

मात्र या पोर्टच्या पायात एक गोष्ट होती जी खेळणाऱ्याला कधी दिसली नाही. लिनक्सवरचा ओपनजीएल रेंडरर, म्हणजे चित्र काढणारा भाग, स्वतःच्या पायावर उभा नव्हता. तो गेमच्या डायरेक्टएक्स ९ च्या अंमलबजावणीवर अवलंबून होता. चित्र काय काढायचं ते डायरेक्टएक्स ९ च्या रीतीने ठरायचं आणि मग ते ओपनजीएलमध्ये उतरायचं. खालच्या मजल्यावर विंडोजची आवृत्ती राहत होती, वरच्या मजल्यावर लिनक्स आणि मॅक. खालची भिंत पाडायची वेळ आली की वरच्या बिऱ्हाडाचं काय होणार, हे पहिल्याच दिवशी ठरून गेलं होतं.

‘नेटिव्ह’ या शब्दावर आपण जो भाबडा विश्वास ठेवतो तो इथे तपासून पाहावा असं मला कळकळीने वाटतं. स्टीमच्या पानावर लिनक्सचं चिन्ह दिसलं की आपण समाधान पावतो. ते चिन्ह एवढंच सांगतं की आज एक लिनक्स फाइल उपलब्ध आहे. ती कशावर उभी आहे, ती कोण सांभाळतं आणि मूळ गेम बदलला तर तिचं काय होणार, यांतलं काहीच त्या चिन्हातून कळत नाही. ४२९ दिवस सगळे ‘कधी येणार’ हा एकच प्रश्न विचारत होते. खरा धोका ‘कशावर उभं राहणार’ या प्रश्नात होता आणि तो विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

निरोप

मे २०१९ मध्ये एपिक गेम्सने सायऑनिक्स विकत घेत असल्याचं जाहीर केलं. २३ जानेवारी २०२० ला निवेदन आलं : गेममध्ये नवं तंत्र आणत असताना मॅक आणि लिनक्सला आधार देणं आता परवडणारं राहिलेलं नाही, मार्चच्या सुरुवातीला शेवटचा पॅच येईल. साडेतीन वर्षांच्या सवयीला सुमारे दीड महिन्याची मुदत मिळाली.

पहिलं निवेदन इतकं मोघम होतं की लोकांनी रिकाम्या जागा स्वतःच भरल्या. एपिकला लिनक्स नकोच होतं, खरेदीनंतर ठरवून केलेला हा डाव आहे, असं खूप जण म्हणू लागले. त्यांचा राग मी समजू शकतो. पण त्यानंतर काही दिवसांतच कंपनीने जे सविस्तर स्पष्टीकरण दिलं ते तांत्रिकदृष्ट्या पटणारं होतं, आणि वरची पायाची गोष्ट त्यातूनच उघड झाली. विंडोज आवृत्ती ३२ बिटवरून ६४ बिटवर आणि डायरेक्टएक्स ९ वरून डायरेक्टएक्स ११ वर न्यायची होती. ज्या नव्या गोष्टी गेममध्ये आणायच्या होत्या त्या डायरेक्टएक्स ९ ला पेलवणाऱ्या नव्हत्या. डायरेक्टएक्स ९ गेलं की त्यावर विसंबलेले लिनक्स आणि मॅकचे क्लायंट (खेळाडूच्या मशीनवर चालणाऱ्या गेमच्या आवृत्त्या) आपोआप बंद पडणार होते. ते जिवंत ठेवायचे तर मॅकसाठी मेटल ही अ‍ॅपलची ग्राफिक्स प्रणाली आणि लिनक्ससाठी वल्कन किंवा ओपनजीएल ४ असे दोन नवे रस्ते बांधावे लागले असते, आणि दर अपडेटला ते तपासत राहावं लागलं असतं.

त्याच स्पष्टीकरणात सगळ्यांना झोंबणारा आकडा होता. मॅक आणि लिनक्स मिळून सक्रिय खेळाडूंमधला वाटा ०.३ टक्क्यांहून कमी.

हजारात तीनही नाहीत. आकडा खोटा आहे असं मी म्हणणार नाही, तसं म्हणायला काही आधार नाही. पण आकडा खरा असणं आणि त्याने पूर्ण गोष्ट सांगणं या दोन वेगळ्या बाबी आहेत. एक तर सक्रिय खेळाडूंच्या या संख्येत प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि स्विचवरचा भलामोठा जनसमुदाय येतो, ज्याच्यासमोर ऑपरेटिंग सिस्टिम निवडण्याचा प्रश्नच नसतो. फक्त पीसीवरच्या खेळाडूंत तोच वाटा मोजला तर तो मोठा दिसणार हे उघड आहे. दुसरं, उशिरा आलेल्या पोर्टचा वाटा कमीच भरतो. ज्या लिनक्सवाल्याला २०१५ मध्येच खेळायचं होतं त्याने विंडोजची सोय केव्हाच करून घेतली होती आणि त्यातले सगळे परत आले नाहीत. तिसरं, तोवर विंडोज आवृत्ती लिनक्सवर चालवणारेही तयार झाले होते, आणि ते नेटिव्ह क्लायंटच्या मोजणीत बसणारे नव्हते. खेळाडू कमी म्हणून पोर्ट नाही आणि पोर्ट नाही म्हणून खेळाडू कमी, हा जुना पेच आहे. इथे पोर्ट असूनही तो सुटला नाही, कारण पोर्ट यायच्या आधीच गाडी सुटलेली होती.

तरीही कंपनीच्या खुर्चीत बसून पाहिलं तर हजारातल्या तीनहून कमी माणसांसाठी दोन नवे रेंडरर कायमचे सांभाळण्याचा निर्णय मीही कदाचित घेतला नसता. मला खटकतं ते वेगळंच. ही अडचण जानेवारी २०२० मध्ये अचानक उगवलेली नव्हती. डायरेक्टएक्स ११ कडे जाण्याचा विचार झाला त्याच वेळी लिनक्स क्लायंटचं भवितव्य ठरलं होतं. लोकांना ते तेव्हाच स्पष्ट सांगता आलं असतं, आणि पहिल्या निवेदनातच कारण दिलं असतं तर निम्मा संताप टळला असता.

परताव्याच्या बाबतीत मात्र योग्य ते झालं. स्टीमचा एरवीचा नियम म्हणजे खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेलं असेल तरच पैसे परत. इथे लिनक्स किंवा मॅकवर खेळलेल्यांना ही अट ओलांडून परतावा मागता येईल असं जाहीर झालं. शेकडो तास खेळलेल्या गेमचे पैसे परत घ्यायचे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न होता. कित्येकांनी घेतले नाहीत, कारण पैसे घेतले की गेम खात्यातून जातो, आणि त्यांना तो खेळायचा होता.

त्याच वेळी दुसरीकडे

निवेदनात एक वाक्य होतं ज्याकडे त्या दिवशी रागाच्या भरात अनेकांचं नीट लक्ष गेलं नाही. वाइन किंवा स्टीमचं प्रोटॉन (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारी साधनं) वापरून विंडोज आवृत्ती खेळून पाहा, मात्र आमचा अधिकृत आधार त्याला नाही, असा तो सल्ला होता. काहींना ते तोंडाला पानं पुसल्यासारखं वाटलं. त्याच्या पाच वर्षं आधी ते खरोखर तसंच ठरलं असतं. २०२० मध्ये परिस्थिती बदललेली होती.

वाइन १९९३ पासून आहे. विंडोजचा प्रोग्रॅम प्रणालीला जी हाक देतो ती ऐकून लिनक्सच्या भाषेत उत्तर द्यायचं, हे त्याचं काम. प्रोसेसरला दिलेल्या सूचना जशाच्या तशा चालतात, भाषांतर होतं ते फक्त हाकांचं. ऑफिसची छोटी सॉफ्टवेअर त्यावर बरी चालायची. गेम अडायचे ते ग्राफिक्सपाशी, कारण डायरेक्टएक्सचं ओपनजीएलमध्ये केलेलं भाषांतर संथ आणि चुकांनी भरलेलं असायचं. हा अडथळा फिलिप रेबोले या प्रोग्रामरने दूर केला. ‘नियर: ऑटोमाटा’ हा गेम लिनक्सवर खेळता यावा म्हणून त्याने डायरेक्टएक्स ११ चं थेट वल्कनमध्ये भाषांतर करणारं डीएक्सव्हीके लिहायला घेतलं. व्हॉल्व्हने त्याला पैसे देऊन हे काम पुढे नेलं. कोडवीव्हर्स या वाइनवर काम करणाऱ्या कंपनीबरोबर मिळून त्यांनी सगळं एकत्र बांधलं आणि २१ ऑगस्ट २०१८ ला प्रोटॉन या नावाने स्टीममध्ये आणलं. पहिल्या दिवशी मान्यताप्राप्त यादीत फक्त २७ गेम होते.

रॉकेट लीग तेव्हा डायरेक्टएक्स ९ वर होता आणि डीएक्सव्हीकेला ते येत नव्हतं. जोशुआ अॅश्टनने डी९व्हीके या नावाने तोही भाग लिहिला. २०१९ च्या उन्हाळ्यात तो प्रोटॉनमध्ये आला आणि डिसेंबर २०१९ मध्ये डीएक्सव्हीके १.५ मध्ये विलीन झाला. तारखा शेजारी ठेवून पाहा. सायऑनिक्सच्या निवेदनाच्या जेमतेम महिनाभर आधी एकाच थरात डायरेक्टएक्स ९, १० आणि ११ या तिघांचंही वल्कनमध्ये भाषांतर करण्याची सोय तयार झाली होती.

या प्रकरणाचा गाभा मला इथे दिसतो. डायरेक्टएक्स ९ वरून ११ वर जाण्याच्या ज्या बदलाने नेटिव्ह क्लायंट मारला, त्याच बदलाने प्रोटॉनवर खेळणाऱ्याला काहीच झालं नाही. पूर्वी ९ चं भाषांतर होत होतं, नंतर ११ चं होऊ लागलं. गेमच्या पोटातला रेंडरर बदलला आणि लिनक्सवरच्या माणसाला त्याची खबरही लागायची गरज उरली नाही. लिनक्ससाठी खास बनवलेली आवृत्ती संपली आणि लिनक्सचं नावही न घेता बनवलेली आवृत्ती लिनक्सवर टिकली.

हे उलटं वाटतं, पण सांभाळतं कोण असं विचारलं की सरळ होतं. नेटिव्ह पोर्ट हा एका गेमचा एक तुकडा होता. तो सांभाळण्याचा खर्च त्या एका गेमच्या ०.३ टक्क्यांहून कमी खेळाडूंवर भागायचा होता. भाषांतराचा थर हजारो गेमना मिळून एकच असतो. त्यात एका गेमसाठी केलेली दुरुस्ती दहा दुसऱ्या गेमना लागू पडते, आणि ती करणाऱ्या लोकांचं कामच ते आहे. गेम कंपनीच्या ताळेबंदात लिनक्सचा वाटा किती, हा प्रश्न तिथे उद्भवत नाही.

खेळताना फरक जाणवला नाही असं मात्र नाही. रॉकेट लीगचं भौतिकशास्त्र सेकंदाला १२० वेळा मोजलं जातं. चेंडू कुठे असेल आणि गाडी कोणत्या कोनात भिडेल याचा अंदाज खेळाडू बोटांनी लावत असतो. अशा गेममध्ये अर्ध्या सेकंदाची अडखळही गोल खायला पुरेशी असते. भाषांतराच्या थरात शेडर पहिल्यांदा तयार होताना अशी अडखळ येते. नवीन मैदान, नवीन स्फोट, आणि चित्र क्षणभर थिजतं. स्टीमने आधीच तयार केलेले शेडर खेळाडूंना पोहोचवायला सुरुवात केल्यावर हा त्रास बराच कमी झाला. प्रोग्रॅमच्या एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांमधल्या ताळमेळासाठी लागणारी futex_waitv नावाची सोय थेट लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, ५.१६ या आवृत्तीत, जानेवारी २०२२ मध्ये आली. गेमसाठी केलेलं काम कर्नलपर्यंत जाऊन पोहोचलं याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

मग ती वाट फुकट गेली का?

असं म्हणणारे भेटतात : पोर्टच्या मागे लागणंच चूक होतं, सुरुवातीपासून भाषांतराच्या मार्गाने जायला हवं होतं. मला हे पटत नाही. २०१५ मध्ये तो मार्ग अस्तित्वातच नव्हता. वल्कन नव्हतं, डीएक्सव्हीके नव्हतं, आणि लिनक्सचे मुक्त ग्राफिक्स ड्रायव्हर आजच्याइतके पक्के नव्हते. ते पक्के व्हायला खऱ्या गेमची, खऱ्या खेळाडूंची आणि त्यांनी कळवलेल्या चुकांची गरज होती. रॉकेट लीगसारख्या पोर्टवर रोज हजारो तास खेळणाऱ्या माणसांनी नकळत ती तपासणी केली. प्रोटॉन ज्या जमिनीवर उभं राहिलं ती तयार करण्यात त्या साडेतीन वर्षांचा वाटा आहे, असं माझं ठाम मत आहे.

प्रोटॉनने सगळं सुटलं असंही नाही. वाट पाहणं संपलं नाही, फक्त कशाची वाट पाहायची ते बदललं. सप्टेंबर २०२० मध्ये, २३ तारखेला, रॉकेट लीग मोफत झाला. नव्या खेळाडूंना तो एपिकच्या दुकानातूनच घ्यावा लागू लागला आणि एपिकचा लाँचर लिनक्सवर नाही. ज्यांनी आधी स्टीमवर घेतला होता त्यांचा तिथेच राहिला, नव्यांना लुट्रिस किंवा हीरोइकसारख्या स्वयंसेवकांनी बनवलेल्या साधनांचा आसरा घ्यावा लागला. म्हणजे गेम चालण्यात तांत्रिक अडचण नव्हती, तो मिळवण्यात होती.

ऑनलाइन गेममध्ये याहून मोठा अडसर फसवणूकविरोधी सॉफ्टवेअरचा. सप्टेंबर २०२१ मध्ये एपिकने आपलं ईझी अँटी-चीट हे असं सॉफ्टवेअर प्रोटॉनवर चालेल अशी सोय दिली, बॅटलआय या दुसऱ्या तशाच सॉफ्टवेअरनेही दिली. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टीम डेक हे व्हॉल्व्हचं लिनक्सवर चालणारं हातातलं गेमिंग यंत्र बाजारात येण्याआधीची ही तयारी होती. पण सोय असणं आणि ती चालू करणं यांत गेम बनवणाऱ्याची इच्छा उभी असते. ‘फोर्टनाइट’साठी ती चालू करणार नाही असं एपिकने २०२२ मध्येच सांगितलं. ‘एपेक्स लेजेंड्स’ने ती चालू केली, लोक स्टीम डेकवर खेळू लागले, आणि ३१ ऑक्टोबर २०२४ ला फसवणुकीचं कारण देऊन लिनक्सचा प्रवेश बंद झाला. रॉकेट लीगच्या वेळी निदान तांत्रिक पाया तरी हललेला होता. एपेक्सच्या वेळी गेम चालत होता आणि परवानगी काढून घेतली गेली. हे मला जास्त गंभीर वाटतं, कारण परवानगीवर कुठलाही प्रोग्रामर पॅच लिहू शकत नाही.

मार्चनंतरची एक संध्याकाळ

शेवटच्या पॅचनंतर लिनक्सवर गेम परत ऑनलाइन आणण्यासाठी काय करावं लागत होतं, ते नोंदवून ठेवण्यासारखं आहे. स्टीमला अजूनही वाटत होतं की या गेमची नेटिव्ह लिनक्स आवृत्ती आहे, म्हणून तो आपणहून प्रोटॉन वापरायला तयार नसायचा. गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ठरावीक कम्पॅटिबिलिटी टूल सक्तीने वापरण्याच्या चौकटीत टिक करायची, यादीतून प्रोटॉन निवडायचं. मग स्टीम लिनक्सच्या फाइली काढून विंडोजच्या फाइली उतरवायला लागायचा. काही गिगाबाइट डाउनलोड, पहिल्यांदा सुरू व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ, पहिल्या दोन सामन्यांत थोडी अडखळ.

गाड्या, चाकं, रंग, टोप्या हे सगळं कंपनीच्या सर्व्हरवर खात्याशी जोडलेलं असल्यामुळे गॅरेज उघडलं की आदल्या महिन्यातली तीच गाडी समोर यायची. मित्रांच्या यादीतली नावं पुन्हा उजळायची. ऑनलाइन सामन्याचं बटण दाबलं की शोध सुरू व्हायचा, आणि थोड्याच वेळात मैदान लोड व्हायचं.